वखारीचा दिवा

३ जानेवारी

आत्या,

नमस्कार पोचला असं समज, कारण हात जोडायला सध्या एकच हात मोकळा आहे. दुसऱ्या हाताने गालावर बर्फ धरलाय. घाबरू नको, दात हलतोय, पडलेला नाही.

झालं काय, आम्ही इथे एका भल्या मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शनाचे गाळे उभे करतोय. एका नव्या सुताराने फळी उलटी ठोकली म्हणून मुकादमाने त्याच्या पाठीत लोखंडी पट्टी हाणली. मी म्हटलं, "मुकादम, उलटी फळी आहे, माणूस नाही." तो म्हणाला, "तुला कोणी विचारलं रे?" त्यानंतर कोणीच कोणाला काही विचारलं नाही. माझा फोन त्याच्या टाळक्यात फुटला. टाळकं शाबूत आहे, फोन गेला. म्हणून आता पत्र. तुला बरंच वाटेल, फोनवर मी नुसता हं हं करतो असं तूच म्हणायचीस. आणि तू लाल चिकटपट्टी गुंडाळून दिलेला पान्हा खिशात होता, तो मी बाहेर काढला नाही. याचे मार्क दे.

तर मुद्दा. मुद्दा काय होता? हां, फोटो. तू पाठवलेला तो दुसऱ्या आकाशगंगेचा फोटो मी खाटेच्या वर चिकटवलाय. जो येतो तो विचारतो, मी सांगतो, "आत्या दवाखान्यात एक्स-रे काढते आणि उरलेल्या वेळात गच्चीवरून हे." मान ताठ होते माझी. पण आमचा लाईटवाला जवळ जाऊन बघत बसला आणि म्हणाला, "कडेला एवढं काळं का? आणि हे टायर कसले पडलेत मधे?" मारणार होतो त्याला. पण बघितलं तर खरंच टायर आहेत, धुरकट, मधे भोक असलेले, चार-पाच. आकाशात टायर कुठून आले ग?

तुझा,
भिंगऱ्या


१२ जानेवारी

भिंगऱ्या,

अक्षराला हसू नकोस. पायरीवरून घसरले, उजव्या मनगटाला लागलंय. हे डाव्या हाताचं लिखाण आहे.

मार्क शून्य. फोन टाळक्यात घालणाऱ्याला पान्हा न काढल्याचे मार्क कोणी देत नाही. तुझ्या बापाचा हातही असाच तोंडाच्या आधी चालायचा. आठ वर्षांचा तू माझ्याकडे आलास तेव्हा तुझ्या मुठी बघूनच मी म्हटलं होतं, हे बी तेच आहे.

तुझा लाईटवाला हुशार आहे. ते टायर म्हणजे धूळ. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर कण बसतात आणि त्यांची सावली अशी गोल पडते. कडेचा काळोख दुर्बिणीच्या नळीचा. आकाश बिचारं स्वच्छ असतं, घाण आपली. त्यावर उपाय असा की एका कोऱ्या, सगळीकडे सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे फोटो घ्यायचे. आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात त्यांना फ्लॅट म्हणतात. त्यात आपली घाण तेवढी उमटते. मग कॉम्प्युटर मूळ फोटोला त्याने भागतो आणि धूळ नाहीशी होते.

अट एकच. कॅमेरा नळीवर जसा बसवलाय तसाच राहिला पाहिजे. जरा काढला, जरा फिरवला, की धूळ दुसरीकडे आणि सगळी मेहनत पाण्यात. हा कॅमेरा मंडळाचा, महिनाअखेर परत द्यायचाय. अख्खा हिवाळा मी एकाच दीर्घिकेवर, तुझ्या फोटोतल्या त्या आकाशगंगेवर, घालवला, कॅमेरा एकदाही उतरवला नाही, दुर्बीण गच्चीवरच ताडपत्रीखाली ठेवली. म्हणजे महिना संपायच्या आत मला फ्लॅट मिळाले पाहिजेत, नाहीतर हिवाळाभर टायर गोळा केले असं होईल.

प्रश्न उजेडाचा. लोक संध्याकाळचं आकाश वापरतात. इथे नेमका त्या वेळी शेजारचा लाकडाचा वखारवाला भुसा जाळतो, आकाश चुलीसारखं होतं. दवाखान्यातली एक्स-रे बघायची जुनी पेटी आणून पाहिली, तिच्या ट्यूब फडफडतात, फोटोत पट्टे येतात. मोबाईलचा पडदा नळीच्या तोंडाला पुरत नाही. बल्बवर पांढरा बनियन ताणून पाहिला, मधे उजेड, कडेला अंधार. तू दिव्यांच्या धंद्यात आहेस, तूच सांग काय वापरू.

बाकी, वखारवाल्याने खांबावर नवा झोतदिवा लावलाय, ओंडके चोरीला जातात म्हणून. झोत अर्धा ओंडक्यांवर आणि अर्धा माझ्या गच्चीवर. बोलायला गेले होते. बोलणं झालं.

आत्या


१९ जानेवारी

आत्या,

आधी उजेडाचं, मग दुसरं. आधी दुसरंच लिहायला बसलो होतो, दोन कागद फाडले.

एलईडीचं चपटं पॅनल घे. त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिकची शीट. आम्ही दागिन्यांच्या गाळ्यात तेच लावतो, सावली म्हणून पडत नाही. पण लाईटवाला म्हणतो, उजेड जास्त वाटला तर बटण फिरवून कमी करायचा नाही. कमी केला की ते पॅनल डोळ्याला न दिसेल असं उघडझाप करतं, म्हणजे परत पट्टे. त्यापेक्षा वर साधे पांढरे कागद वाढवत जायचं. मीच घेऊन येतो एक. इथे तुटक्या गाळ्यातलं एक पडलंय, मुकादमाला विचारून घेतो. हो, विचारून. आता बोलतो तो माझ्याशी, टाळक्याला पट्टी बांधून.

आता दुसरं.

तुझ्या घराला चार पायऱ्या. कठडा मी स्वतः वेल्डिंग करून बसवला, अजून माझ्या कोपरावर ठिणगीचा डाग आहे. त्या पायऱ्यांवरून तू अंधारात, डोक्यावर दुर्बीण घेऊन, चपला न घालता चढ-उतर केलीस. तू घसरलीस? आणि ज्या पत्रात घसरलीस त्याच पत्रात वखारवाल्याशी "बोलणं झालं"? आत्या, मी शाळेत कच्चा होतो, पण एवढा नाही.

खरं सांग. त्याने हात लावला का तुला?

काल जेवताना सुताराने ताट जरा जोरात ठेवलं, तर मी उठून उभा राहिलो. आमचा एक ट्रक तुझ्या गावावरून जातो. ड्रायव्हर माझा दोस्त. एवढंच लिहितो.

भिंगऱ्या


२७ जानेवारी

भिंगऱ्या,

हो, त्याने ढकललं. ऐक, शेवटपर्यंत ऐक, मधेच उठून उभा राहू नकोस.

दुर्बीण जुळवता जुळवता मी तशीच खाली उतरले होते, हातात स्टँडची वजनाची सळई. तो ओंडके मोजत होता. मी म्हटलं, "शेठ, तुमचा दिवा खाली वळवा." तो म्हणाला, "बाई, तुमच्या चांदण्या कोणी चोरत नाही, माझं लाकूड चोरतात." मी म्हटलं, "चोराला दिसावं म्हणूनच लावलाय की काय दिवा?" त्याचे नोकर हसले. ते त्याला लागलं. त्याने छातीवर हात ठेवून मला मागे लोटलं, मी ओंडक्यावर पडले आणि मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. हा आवाज मी नोकरीत फोटोतून बघत आले, ऐकला पहिल्यांदा.

मग मी उठले आणि डाव्या हाताने ती सळई त्याच्या गुडघ्यावर घातली.

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तो लाकडासारखा आडवा झाला. नोकर पळाले. आम्ही दोघं भुश्यात पडून एकमेकांच्या सात पिढ्या काढत होतो. शेवटी त्याच्याच टेम्पोतून दोघांना दवाखान्यात नेलं. मागे फळ्यांवर एका बाजूला तो, एका बाजूला मी. खड्डा आला की दोघं एकदम ओरडायचो.

दवाखान्यात एक्स-रे काढणारी मीच. आधी माझ्या मनगटाचा काढला, मग त्याला टेबलावर घेतलं. म्हटलं, "हलू नका." तो म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून हलतोय." डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, मी म्हटलं पायरीवरून घसरले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ओंडका पडला गुडघ्यावर. मग त्याच पेटीवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, माझं मनगट आणि त्याच्या गुडघ्याची वाटी. तो दोन्हींकडे बघून म्हणाला, "बाई, तुमचा नेम चांगला आहे." मी म्हटलं, "तुमचा हात जड आहे."

त्यानंतर एक दिवस काठी टेकत गच्चीवर आला, बघू म्हणाला काय असतं ते. कॅमेरा काढायचा नव्हता, म्हणून माझ्या जुन्या लहान दुर्बिणीतून शनीचं कडं दाखवलं. अर्धा तास डोळा काढेना. मग निघताना विचारलं, "दिव्याने काय बिघडतं?" फोटोतले टायर दाखवले, फ्लॅटचं सांगितलं, उजेड शोधतेय म्हटलं. तो म्हणाला, "माझा दिवा चालतो का बघा."

आणि भिंगऱ्या, चालतो. जुन्या धाटणीचा हॅलोजन आहे, आत तार तापते, फडफडत नाही. माझ्या जिन्याच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर त्याचा झोत पडला की भिंत दुधासारखी सारखी उजळते. दुर्बीण भिंतीकडे वळवायची की झालं. ज्याच्यावरून मनगट मोडलं तोच उजेड सगळ्यात चांगला निघाला. एकच अडचण, खांबावरची पट्टी सैल आहे, वाऱ्याने दिवा हलतो. त्यावर तो म्हणाला, "मी धरतो शिडीवर चढून." मी म्हटलं, "त्या गुडघ्याने?" तो म्हणाला, "गुडघा तुम्ही फोडलाय, मला शिकवू नका."

येत्या रविवारी, दिवेलागणीला. भुसाही जाळणार नाही म्हणालाय. त्यानंतर दिवा ओंडक्यांकडे खाली वळवून टाकणार, कायमचा.

तेव्हा पॅनल आणायची घाई नाही. आणि तू काही करू नकोस. तुला आलाय तो राग दोन दिवस राहू दे, मग जातो. माझा गेला.

आत्या


३१ जानेवारी

आत्या,

तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही. ट्रक आज रविवारीच निघाला, मी मागे ताडपत्रीवर बसून आलो. आता परतीच्या वाटेवर आहे, टपावर कागद ठेवून लिहितोय, अक्षर तुझ्यासारखंच झालंय.

काम झालं.

तुझ्याकडे आलो नाही. आलो असतो तर तू अडवलं असतंस आणि मी ऐकलं असतं. वखारीच्या मागच्या बाजूने गेलो. दिवेलागणीची वेळ, कोणी नाही. आणि बघतो तर काय, तो स्वतः शिडीवर. पायाला पट्टी बांधलेली तरी चढलाय, हाताला गोणपाट गुंडाळून दिवा धरलाय आणि झोत नेमका तुझ्या गच्चीवर रोखतोय! सगळी भिंत पांढरीफटक झाली होती. वर आणि ओरडून तुला चिडवत होता, "आता बघा बाई! आता बरोबर आहे का? अजून डावीकडे घेऊ?"

माझं डोकं गेलं. एका बाईचा हात मोडून वर ही मस्ती. पान्हा काढला आणि दिव्यावर फेकला. काच फुटली, मोठा आवाज झाला, गरम काच त्याच्या तोंडावर उडाली, तो ओरडला. त्याने खाली वळून पाहिलं, मी तोंड लपवलं नाही. मुद्दाम नाही लपवलं. मग शिडीला लाथ घातली.

तो ओंडक्यांवर पडला, पाठीवर. आवाज वाईट आला. मी पळालो.

आत्या, आता तुझ्या आकाशात उजेड नाही. हवे तेवढे फोटो काढ. पान्हा तिथेच राहिला, त्याचं वाईट वाटतंय. पॅनल पुढच्या खेपेला नक्की.

तुझा,
भिंगऱ्या


८ फेब्रुवारी

तुझं पत्र आज आलं. माझं तुला तू परतल्यावर मिळालं असेल. म्हणजे आता तुला सगळं माहीत आहे आणि मलाही.

तो मला चिडवत नव्हता. तो माझ्यासाठी दिवा धरून उभा होता.

मी गच्चीवर होते. फ्लॅट चालू होते, एकामागून एक. तो विचारत होता बरोबर आहे का, मी म्हणत होते, "थोडा डावीकडे, शेठ, हां, बस." तेवढ्यात भिंत विझली. मग ओरडणं, मग तो आवाज. मी जिना कसा उतरले आठवत नाही. दुर्बिणीला धक्का लागला, ती आडवी झाली, मी मागे वळून पाहिलंही नाही. तो ओंडक्यांच्या खाचेत पडला होता, गालात काचा, डोळे उघडे. मला म्हणाला, "बाई, पाय कुठे आहेत बघा बरं माझे, लागत नाहीत." पाय तिथेच होते.

पुन्हा तोच टेम्पो, पुन्हा त्याच फळ्या. या वेळी तो खड्ड्यांना ओरडला नाही. पाठीचे फोटो मीच काढले. "हलू नका" म्हणायची सवय आहे, तोंडातून निघालं, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मणका चेपलाय. पेटीवर लावलेला तो फोटो बघून मी बाहेर जाऊन ओकले. इतक्या वर्षांत कधी ओकले नव्हते. आता तो बसू शकेल असं म्हणतात. चालण्याचं कोणी काही म्हणत नाही.

पोलीस आले. तो म्हणाला, शिडी घसरली. त्यांनी विचारलं, मग दिवा कसा फुटला? म्हणाला, पडताना हात लागला. ते गेल्यावर मी त्याच्या उशाशी गेले. म्हटलं, "शेठ, कोण होतं?" तो म्हणाला, "चेहरा तुमचाच होता बाई, वीस-बावीस वर्षांचा." मग डोळे मिटून म्हणाला, "तुम्ही पायरी म्हणालात, मी शिडी म्हणतो."

त्याच्यापुरतं ते तिथे संपलं असेल. माझं संपलेलं नाही.

त्याचा मुलगा परगावाहून आलाय. त्याला शिडीचं पटलेलं नाही. रोज वखारीच्या दाराशी कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसतो, पातं घासतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात बघतो. काल वखारीच्या एका नोकराला संशयावरून एवढं मारलं की त्याचाही एक्स-रे मलाच काढावा लागला. बरगड्या. त्या माणसाने काहीही केलेलं नाही. ही तुझी दुसरी शिकार. तिसरी कोण होईल सांगता येत नाही.

पान्हा माझ्याकडे आहे. त्या मुलाच्या आधी मला भुश्यात सापडला. लाल चिकटपट्टी मी गुंडाळलेली, पाच पावलांवरून ओळखली. तू पॅनल आणणार होतास भिंगऱ्या. पान्हा आणलास.

दुर्बीण पडायच्या आधीचे थोडे फ्लॅट चांगले निघालेत. तेवढ्यांवर भागलं. दीर्घिका आता स्वच्छ आहे, एक टायर नाही, कडेपर्यंत उजेड. मी ती एकदा पाहिली आणि मिटून ठेवली. सोबत तो फोटो नाही पाठवत. सोबत शेवटचा फ्लॅट आहे, अर्धा पांढरा, अर्धा काळा. तो तुझा. आधीचा काढ आणि खाटेवर हा लाव.

मी तुला वाढवलंय. मी लिहायला हवं की येऊ नकोस, तो मुलगा तुला जिवंत ठेवणार नाही. लिहीत नाही. तू ये. आधी दवाखान्यात शेठच्या खाटेसमोर उभा राहा, मग चौकीत. दोन्हीकडे मी तुझ्या शेजारी असेन. आला नाहीस तर मी पान्हा घेऊन एकटी जाईन.

आत्या


१३ फेब्रुवारी

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मिळालं तेव्हा मी गाळ्याच्या फळीवर बसून मोठमोठ्याने हसत वाचायला घेतलं होतं, टेम्पोपर्यंत हसलो, सुताराला वाचून दाखवत होतो. "मी धरतो शिडीवर चढून" इथे कागद खाली ठेवला. सुतार म्हणाला, "पुढे काय?" मी म्हटलं, पुढे मी आहे.

"अजून डावीकडे घेऊ?" हे त्याचं बोलणं कानातून जात नाही. किती मायेने विचारत होता ते आता ऐकू येतं. तेव्हा शब्द हेच होते.

मुकादमाला सांगून निघतोय. त्याने कुठे म्हणून विचारलं, मी खरं ते सांगितलं. तो आपल्या टाळक्यावरून हात फिरवत म्हणाला, "माझं थोडक्यात गेलं म्हणायचं." मग पॅनल त्यानेच कागदात बांधून दिलं.

शुक्रवारी पोचतो, उजेड असताना. मागच्या बाजूने येणार नाही. गल्लीच्या तोंडापासून हाका मारत येईन, म्हणजे त्या मुलाला कळेल की तो नोकर नव्हता, मी आहे. भीती वाटते. वाटत नाही असं तुला सांगितलं तर तू ओळखशील.

पान्हा तुझ्याकडेच राहू दे. पॅनल मोठं आहे, वरची शीट नाजूक, दोन्ही हातांनी छातीशी धरल्याशिवाय नेता येत नाही. मुद्दाम तसंच धरून येणार आहे. तो अंगावर आलाच, तर माझे हात त्यात अडकलेले असतील.

तू मधे येऊ नकोस. खाली पडायच्या आत पॅनल तेवढं घे.

भिंगऱ्या